पात्याच्या पाठीवरची हवा

इंद्रपुरी (भोपाळ) : लढाऊ विमानाचे जेट इंजिन आपलेच हवे, ही हाक 15 ऑगस्ट 2025 रोजी लाल किल्ल्यावरून आली, पाठोपाठ फ्रान्सच्या साफ्रान कंपनीबरोबर इंजिन विकसित करण्याची बातमीही आली. तेव्हापासून चर्चा आहे ती पैशांची आणि तंत्रज्ञान हस्तांतराची. कावेरी या आपल्याच जुन्या इंजिनाची कहाणीही पुन्हा उगाळून झाली. पण इंजिनाच्या पुढच्या भागात बसणाऱ्या कॉम्प्रेसरबद्दल कोणी बोलत नाही, आणि खरी मेख तिथे आहे.

टर्बाइनमध्ये वायू जास्त दाबाकडून कमी दाबाकडे धावतो. कॉम्प्रेसरमध्ये उलटे, हवेला चढ चढायचा असतो. पात्याला लगटून जाणारा पातळ थर घर्षणाने आधीच मंदावलेला असतो. चढ फार झाला की तो पात्यापासून सुटतो, कॉम्प्रेसर ‘स्टॉल’ होतो आणि प्रकरण हाताबाहेर गेले तर दाबलेली हवा उलटी पुढे उसळते. म्हणून दाब थोडाथोडा वाढवतात. कावेरीत पंख्याचे 3 आणि त्यामागे कॉम्प्रेसरचे 6 टप्पे आहेत.

हा थर शांत असेल तर घर्षण कमी, पण तो लवकर सुटतो. खवळलेला असेल तर घर्षण जास्त, पण तो पात्याला धरून राहतो. तेव्हा पात्याच्या पाठीवर तो नेमका कुठे खवळतो, यावर सगळे अवलंबून. संगणकाला हेच सांगणे सर्वांत जड जाते. भोवऱ्यांच्या पोटात भोवरे असतात. सगळे मोजायचे तर प्रवाहावर बिंदूंची जाळी टाकावी लागते, आणि वेग व आकार सांगणारा रेनॉल्ड्स आकडा दहापट होताच जाळीचे बिंदू सुमारे पावणेदोनशेपट होतात आणि एकूण गणित हजारपटीच्या घरात जाते. 1987 मध्ये किम, मोइन आणि मोझर यांनी दोन सपाट भिंतींमधला साधा प्रवाह सोडवला, त्याला सुमारे 40 लाख बिंदू लागले. म्हणून कारखान्यात भोवऱ्यांची सरासरी घेऊन काम भागवतात. त्या सरासरीत अंदाज दडलेले असतात आणि थर खवळण्याच्या जागी ते हमखास चुकतात.

इथे रोद्दम नरसिंहांचे नाव घ्यायलाच हवे. थर एकदम खवळत नाही. आधी त्यात खळबळीचे ठिपके उमटतात, हे एमन्स यांनी 1951 मध्ये मांडले होते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सतीश धवनांच्या हाताखाली शिकणाऱ्या नरसिंहांनी 1957 मध्ये दाखवले, की हे ठिपके वाटेल तिथे नाही, प्रवाहाला आडव्या अशा एका अरुंद पट्ट्यात जन्मतात. त्यातून निघालेले सूत्र आजही इंजिनाच्या पात्यांची गणिते करणारे वापरतात. तेव्हा ते चोविशीत होते आणि हाताशी वाऱ्याचा बोगदा व मोजमापाची साधने होती, महासंगणक नव्हता. पुढे राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेचे संचालक असताना त्यांच्याच पुढाकाराने 1986 मध्ये ‘फ्लोसॉल्व्हर’ हा समांतर संगणक उभा राहिला, खास प्रवाहांच्या समीकरणांसाठी. पुण्याच्या सी-डॅकचा परम 8000 हा महासंगणक आला 1991 मध्ये. परमचे कौतुक आपण मराठी माणसे मनापासून करतो, करावेच. पण फ्लोसॉल्व्हरचे नाव आपल्या मुलांना माहीत नाही, याचे मला खरोखर वाईट वाटते. आयुष्याच्या उत्तरार्धातही नरसिंह सहकाऱ्यांबरोबर टर्बाइनच्या पात्यावरच्या प्रवाहाचे, कोणतीही सरासरी न घेता, गणित करत होते. 2020 मध्ये ते गेले.

इंद्रपुरीच्या शेजारी भेलचा कारखाना आहे. तिथे बनणारी जलविद्युत टर्बाइन्स पाण्यावर चालतात, पण पाण्याचे आणि हवेचे मूळ समीकरण एकच. रायसेन रोडवर अभियांत्रिकी महाविद्यालयांची रांग आहे आणि त्यांतली कितीतरी मुले इंद्रपुरीत खोली घेऊन राहतात. अशा मुलांच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांत संगणकावर काढलेली प्रवाहाची लाल-निळी चित्रे सुरेख असतात. जाळी कशी निवडली आणि खळबळीचे कोणते मॉडेल घेतले, हे मात्र कोणी फारसे विचारत नाही. सॉफ्टवेअर चित्र दरवेळी देते, चुकीचे असले तरी.

आपले इंजिन व्हायचे असेल तर महासंगणकांइतकाच पैसा वाऱ्याच्या बोगद्यांवर आणि कॉम्प्रेसरच्या चाचणी-यंत्रणांवर खर्च झाला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. महाविद्यालयांना त्यासाठी थांबायचे कारण नाही. येत्या सत्रापासून अशा प्रत्येक प्रकल्पाला एक अट घालावी : चित्राशेजारी निदान एक प्रत्यक्ष मोजलेला आकडा हवा, मग तो महाविद्यालयाच्या छोट्या बोगद्यातला का असेना.