गव्हाणीचे बेअरिंग आणि आपली मोळी

सभासद बंधूंनो, गव्हाण थांबली की गाळप थांबते, आणि तोडलेला ऊस वाळून वजनाला व उताऱ्याला मार बसतो. गव्हाणीचा शाफ्ट फिरतो हळू, पण ओझे मोठे. म्हणून दोन्ही टोकांना, सांगाडा थोडा वाकला तरी न अडणारे रोलर बेअरिंग घालतात. त्यांपैकी एकच पक्के बसवतात. दुसऱ्याला सरकायला जागा ठेवतात. कारण 2 मीटरचा पोलादी शाफ्ट 40 अंश सेल्सिअसने तापला तर सुमारे 1 मिलिमीटर वाढतो. दोन्ही पक्की असली तर रेटा बसून बेअरिंगच जळते. दुसरा वैरी माती. ती ग्रीसमध्ये शिरली की रोलर झिजलेच म्हणून समजा. ग्रीस भरणे कारखान्याचे काम. मोळी पाचट काढून, माती झटकून पाठवणे आपले.

— ऊस विकास अधिकारी