‘अप’ क्रियापदाचा की नामाचा?

मराठी माध्यमातून इंग्रजी शिकलेल्या मुलांना प्रिपोझिशनची यादी हमखास पाठ असते: इन, ऑन, अप, ऑफ, ओव्हर, आफ्टर. यादी पाठ झाली की एक समजही पक्का होतो, यातला शब्द वाक्यात दिसला की तो प्रिपोझिशनच. हा समज चुकीचा आहे आणि पुढच्या बऱ्याच चुकांचं मूळ त्यात आहे, म्हणून त्याच्यापाशी जरा थांबायला हवं.

दोन वाक्यं घेऊ. ‘ही रॅन अप अ हिल’, म्हणजे तो धावत टेकडी चढला. ‘ही रॅन अप अ बिल’, म्हणजे त्याने उधारी वाढवून ठेवली. कागदावर दोन्हींत फरक एका शब्दाचा. पण नामाच्या जागी ‘इट’ घालून पाहा. टेकडीचं होतं ‘ही रॅन अप इट’, उधारीचं मात्र ‘ही रॅन इट अप’. उलट केलं तर दोन्ही वाक्यं मोडतात. आता ‘क्विकली’ घाला. ‘ही रॅन क्विकली अप द हिल’ चालतं. ‘ही रॅन क्विकली अप अ बिल’ चालत नाही, तिथे ‘ही क्विकली रॅन अप अ बिल’ असंच म्हणावं लागतं.

कारण साधं आहे. टेकडीच्या वाक्यात ‘अप’ पुढच्या नामाशी बांधलेला आहे, ‘रॅन’शी नाही. म्हणून त्या दोघांमध्ये फट आहे आणि क्रियाविशेषण तिथे बसू शकतं. उधारीच्या वाक्यात ‘अप’ हा क्रियापदाचाच भाग आहे. तो स्वतःच क्रियाविशेषणाच्या जातीचा शब्द आहे, त्याच्यात आणि क्रियापदात दुसऱ्या क्रियाविशेषणाला शिरता येत नाही.

हा भेद आपल्याला परका नाही. ‘तो वर गेला’ यातला ‘वर’ क्रियाविशेषण आणि ‘तो झाडावर गेला’ यातला ‘वर’ शब्दयोगी अव्यय, हे आपण शाळेतच शिकतो. मराठीत गोंधळ होत नाही, कारण शब्दयोगी अव्यय नामाला मागून चिकटून लिहिलं जातं, ते कुणाचं हे डोळ्यांना दिसतं. इंग्रजीत ते नामाच्या आधी आणि सुटं येतं, त्यामुळे नेमकं क्रियापदाच्या शेजारी जाऊन बसतं आणि त्याचंच वाटू लागतं. वर्गात हा मराठी दाखला देऊन इंग्रजी शिकवलं तर अर्धं काम तिथेच होईल, असं माझं ठाम मत आहे. ते फार कमी ठिकाणी होतं याचं वाईट वाटतं.

सुरुवातीच्या समजाच्या उलट टोकाचा गैरसमज असा की क्रियापद आणि छोटा शब्द मिळून वेगळा अर्थ निघाला की तो ‘फ्रेजल व्हर्ब’, आणि त्याच्या मधोमध कर्म घालता येतं. ‘ही पिक्ड इट अप’ बरोबर आहे खरं. पण ‘ही लुक्ड आफ्टर हर’, त्याने तिची काळजी घेतली, याचं ‘ही लुक्ड हर आफ्टर’ कधीच होत नाही. अर्थ बदलला तरी ‘आफ्टर’ प्रिपोझिशनच राहिला. अर्थावरून शब्दाची जात ठरत नाही, वाक्यातल्या वागण्यावरून ठरते. काही क्रियापदांबरोबर तर दोन्ही जाती रांगेत येतात. ‘दे लुक्ड फॉरवर्ड टू द हॉलिडेज’ यात ‘फॉरवर्ड’ क्रियापदाचा आणि ‘टू’ नामाचा. ‘ईगरली’ घालायचं झालं तर ते या दोघांच्या मधल्या फटीत बसतं: ‘दे लुक्ड फॉरवर्ड ईगरली टू द हॉलिडेज’. ‘लुक्ड ईगरली फॉरवर्ड’पेक्षा हे कानाला कितीतरी सहज लागतं.

तिसरा गैरसमज: क्रियाविशेषण क्रियापदाला चिकटूनच हवं. ‘तिने पत्र काळजीपूर्वक वाचलं’ आणि ‘तिने काळजीपूर्वक पत्र वाचलं’ ही दोन्ही मराठी वाक्यं ठीक आहेत. इंग्रजीत ‘शी रेड केअरफुली द लेटर’ म्हटलं की वाक्य अडखळतं, कारण क्रियापद आणि त्याचं थेट कर्म यांच्यामध्ये सहसा कुणी येत नाही. कर्म खूप लांबलचक असेल तर तेवढी सवलत मिळते. पण ‘शी लुक्ड केअरफुली ॲट द लेटर’ अगदी बरोबर, कारण मध्ये ‘ॲट’ आहे आणि ‘द लेटर’ त्याचं आहे. ‘स्ट्रेट’ आणि ‘राइट’ यांची गंमत आणखी वेगळी. ‘ही वॉक्ड स्ट्रेट इन्टू द ऑफिस’ यात ‘स्ट्रेट’चा ओढा चालण्यापेक्षा ‘इन्टू’कडे आहे: तो थेट ऑफिसात शिरला.

शेवटी ‘ली’ असलं की क्रियाविशेषण, हाही नियम नव्हे. ‘फ्रेंडली’, ‘लोनली’ ही विशेषणं आहेत. उलट ‘ही वर्क्ड हार्ड’ म्हणजे त्याने कसून काम केलं आणि ‘ही हार्डली वर्क्ड’ म्हणजे जेमतेमच केलं.

भूतकाळात मात्र मराठीच्या सवयी आपल्याला खास अडचणीत आणतात. ‘मी दोन वर्षांपूर्वी पुण्याला आलो’ याचं भाषांतर ‘आय केम टू पुणे बिफोर टू इयर्स’ असं सर्रास होतं. हवं ‘टू इयर्स अगो’. ‘अगो’ काळाच्या मापाच्या मागे येतो आणि आजपासून मागे मोजतो. भूतकाळातल्याच एखाद्या क्षणापासून मागे मोजायचं असेल तेव्हा ‘बिफोर’ येतो, तोही मापाच्या नंतर आणि बहुधा ‘हॅड’च्या सोबतीने: ‘ही हॅड लेफ्ट टू इयर्स बिफोर’. तसंच ‘मी त्याला काल पाहिलंय’ हे मराठीत चालतं, पण ‘यस्टर्डे’ला ‘हॅव सीन’ चालत नाही, साधा ‘सॉ’च लागतो. आणि ‘वेन्ट टू होम’ नको, नुसतं ‘वेन्ट होम’ हवं. इथे ‘होम’ स्वतःच क्रियाविशेषण आहे, त्याला ‘टू’ची गरज नाही. ‘वेन्ट अब्रॉड’ आणि ‘वेन्ट अपस्टेअर्स’ यांचंही तेच.

काही गैरसमज खुद्द इंग्रजांच्या घरचे आहेत. सहायक क्रियापद आणि मुख्य क्रियापद यांच्यामध्ये क्रियाविशेषण घालू नये, हा त्यांपैकी एक. वास्तविक ‘हॅड ऑलरेडी लेफ्ट’ हीच त्याची स्वाभाविक जागा आहे. 20 जानेवारी 2009 रोजी बराक ओबामांना शपथ देताना सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी ‘विल फेथफुली एक्झिक्यूट’मधलं ‘फेथफुली’ उचलून वाक्याच्या शेवटी नेलं. ओबामा अडखळले आणि दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसमध्ये शपथ पुन्हा घ्यावी लागली. या सोवळ्या नियमाच्या ओढीनेच रॉबर्ट्स यांची जीभ घसरली असावी, असं भाषाशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकर यांनी सुचवलं होतं.

वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन नको, हा त्याचाच भाऊबंद. कवी जॉन ड्रायडन यांनी 1672 मध्ये बेन जॉन्सन यांच्या लेखनातला असा शेवट दोषास्पद ठरवला, आणि 1684 मध्ये स्वतःच्या जुन्या निबंधातूनही असे शेवट काढून टाकले. 1762 च्या व्याकरणात रॉबर्ट लाउथ यांनी गंभीर शैलीत ते टाळावेत असं सुचवलं, पण भाषेचा कल तिकडेच आहे हेही मान्य केलं. शाळांनी यातला पहिला भाग तेवढा उचलला. 1926 मध्ये इंग्रजी शब्दप्रयोगांचे कोशकार फाउलर यांनी या नियमाला अंधश्रद्धा म्हटलं, तरी तो अजून शिकवला जातो. तो पाळणाऱ्याने ‘द मॅटर वॉज थरली लुक्ड इन्टू’ हे वाक्य घेऊन बघावं. कर्मणी प्रयोग आहे, नाम पुढे निघून गेलं आहे, ‘इन्टू’ला मागे राहण्यावाचून गत्यंतर नाही.