बर्फावरची फूटपट्टी

2022च्या जुलैत मॉन्ट्रियलमध्ये एनएचएलचा ड्राफ्ट झाला. एनएचएल म्हणजे अमेरिका-कॅनडातली आइस हॉकीची सर्वांत मोठी व्यावसायिक लीग. तिचे 32 संघ वर्षातून एकदा अठरा-एकोणीस वर्षांची पोरं आळीपाळीने निवडतात. त्या वर्षीच्या पोरांत लेन हटसन नावाचा बचावपटू होता. उंची जेमतेम पाच फूट आठ इंच. ड्राफ्टआधी त्याने संघांना डॉक्टरांचा कागद दाखवला होता: हाडांचं वय खऱ्या वयापेक्षा कमी आहे, वाढ अजून बाकी आहे. खेळ सगळ्यांनी पाहिलेला होता, तरी आपण अजून उंच होऊ याचा दाखला पोराला द्यावा लागला. मॉन्ट्रियल कॅनेडियन्सने त्याला घेतलं, तेव्हा 61 नावं आधी पुकारून झाली होती.

हा कागद मला बोचतो. गावसकर किंवा तेंडुलकर यांची उंची आपल्याकडे कधी अडचण ठरली नाही, उलट तिचं कौतुकच झालं. पण क्रिकेटमध्ये अंगावर चेंडू येतो, माणूस येत नाही. आइस हॉकीत माणूस येतो, तोही नियमाने. एनएचएलच्या खेळाडूची सरासरी उंची सहा फूट एक इंचाच्या आसपास, वजन नव्वद किलोच्या घरात. तो स्केटवरून भरधाव येऊन खांदा घालतो आणि मागे लाकडी-प्लास्टिकचे कठडे असतात. मैदानही 200 फूट लांब आणि फक्त 85 फूट रुंद. आंतरराष्ट्रीय मैदानाची परंपरेने चालत आलेली रुंदी जवळपास शंभर फूट, म्हणजे इथे पळायला जागा कमी. तेव्हा संघांची भीती अगदीच निराधार नाही.

तरीही लहान चणीचा पोरगा तगतो. कसा, ते पाहायचं तर हटसनला ब्लू लाइनवर, म्हणजे आक्रमणाच्या हद्दीच्या निळ्या रेषेवर पाहावं. पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, काठीवर; समोर डोकंभर उंच प्रतिस्पर्धी. हटसन आधी खांदा डावीकडे टाकतो, मग गुडघा. समोरच्याचा भार एका पायावर गेला की त्याच क्षणी तो उजवीकडून निसटतो. उंच माणसाला वळायला जेवढा वेळ लागतो, तेवढीच त्याची कमाई. धक्का चुकणार नसेल, तर तो छातीवर न घेता कंबर वळवून निसटता घ्यायचा. वजनाचा तोल बर्फाजवळ असतो, म्हणून असा खेळाडू पटकन सावरतो.

या साऱ्याचा सर्वांत बोलका दाखला मार्टिन सॅं लुई. क्वेबेकमधल्या लवालचा, उंची पाच फूट आठ. ड्राफ्टमध्ये त्याला कुणीच घेतलं नाही. कॅलगरीने करार केला, पण 69 सामन्यांत चारच गोल झाले. 2000 साली दोन नव्या संघांसाठी खेळाडू खुले केले गेले, त्यांनीही त्याला उचललं नाही. कॅलगरीने सोडलं, टॅम्पा बेने घेतलं. चार वर्षांनी तो लीगमध्ये सर्वाधिक गुण मिळवणारा आणि सर्वोत्तम खेळाडू ठरला. लीगच्या विजेतेपदाच्या, म्हणजे स्टॅनली कपच्या, अंतिम फेरीत समोर कॅलगरीच होतं. सहावा सामना कॅलगरीतच, दुसऱ्या जादा वेळेत गेलेला, आणि विजयी गोल सॅं लुईचा. टॅम्पाने सातवा सामना जिंकून कप घेतला.

2005नंतर पंचांनी काठीने अडवणं, धरून ठेवणं यावर कडक शिक्षा सुरू केली, लांब पासवरचं बंधन गेलं आणि चपळ खेळाडूंना मोकळं रान मिळालं, असं सांगितलं जातं. ते खरंच आहे. पण सॅं लुईचा कप त्याआधीचा. त्याच्याही आधी, 1990-91मध्ये पाच फूट सहा इंचांच्या थिओ फ्लरीने 51 गोल केले होते. म्हणून माझ्या मते नियमांपेक्षा मोठा प्रश्न सबुरीचा आहे. सहा फूट तीन इंचांचा पोरगा चाचपडला तर ‘अजून कच्चा आहे’ म्हणतात. लहान चणीचा चाचपडला की ‘सांगितलं होतं ना’.

लहान चणीच्याच कोल कॉफिल्डचं हेच होऊ घातलं होतं. अमेरिकेच्या अठरा वर्षांखालील संघासाठी त्याने एका हंगामात 64 सामन्यांत 72 गोल केले होते. मॉन्ट्रियलमध्ये मात्र 2021-22च्या पहिल्या 30 सामन्यांत एकच गोल. मधे काही काळ त्याला खालच्या लीगमध्येही पाठवलं गेलं. फेब्रुवारीत प्रशिक्षक बदलला, आणि नवा प्रशिक्षक होता खुद्द सॅं लुई. उरलेल्या 37 सामन्यांत कॉफिल्डचे 22 गोल झाले. पोरगा तोच, उंचीही तीच.

म्हणून प्रत्येक बुटका पोरगा पोचेल असं मी म्हणणार नाही. धिप्पाड खेळाडू मध्यम गुणांचा असला तरी चौथ्या फळीत त्याला जागा मिळते, लहान चणीच्याला ती सोय नाही. त्याची एखादी गोष्ट तरी असामान्यच लागते. बाद फेरीत धसमुसळेपणा वाढतो आणि तिथे लहान चणीचे टिकत नाहीत, हाही आक्षेप आहे. 2024 आणि 2025चा कप फ्लोरिडाच्या दणकट संघाने नेला खरा, पण 2025च्या अंतिम फेरीत त्यांच्यासाठी सहा गोल केले ते पाच फूट नऊ इंचांच्या ब्रॅड मार्शंडने, वयाच्या 37व्या वर्षी.

हटसन 2024-25च्या पहिल्या पूर्ण हंगामात सगळे 82 सामने खेळला. गोलला हातभार लावणारे 60 पास दिले आणि नवोदित बचावपटूंचा 1980-81पासूनचा विक्रम गाठला. वर्षातल्या सर्वोत्तम नवोदिताची काल्डर ट्रॉफीही त्यालाच मिळाली.