पोटमाळा म्हणजे नेमका कोणता?

दोन मजल्यांच्या मधोमध, कमी उंचीचा आणि खालच्या मजल्यावरूनच जिना असलेला अर्धा मजला म्हणजे मेझनाइन, आपला पोटमाळा. व्हेनिसच्या जुन्या वाड्यांत तळाला मालाची कोठारं, वर मालकाचं दिवाणखाना असलेलं घर आणि मधल्या ठेंगण्या मजल्यावर व्यापाऱ्याची कचेरी असे. मुंबईतल्या जुन्या कापडदुकानांचं गणितही असंच: उभा लाकडी जिना, हाताशी आधाराला दोरखंड, वर मान वाकवून गठ्ठे लावणारा नोकर. आता गोदामांत हेच काम नटबोल्टांनी जोडलेले लोखंडी सांगाडे करतात.

राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार पोटमाळ्याची उंची किमान २.२ मीटर हवी आणि क्षेत्रफळ इमारतीच्या जोत्याच्या एक तृतीयांशाहून जास्त नको. सामान ठेवण्याचा साधा माळा वेगळा. त्याची उंची जास्तीत जास्त १.५ मीटर. दुकान किंवा गाळा घेताना हा फरक टेप लावून तपासाच. डोकं टेकणाऱ्या माळ्यावर दिवसभर माणसं बसवणं चूकच, कारण उष्णता वर साठते आणि आग लागली तर धूरही आधी तिथेच कोंडतो.