आकाशमार्गें येणारा माल आणि गांवाची संमति

वैमानिकाविना उडणारें ड्रोन हें यंत्र फवारणीच्या निमित्तानें आमच्या अनेक शेतकरीबंधूंच्या परिचयाचें झालें आहे. याच यंत्रानें माल घरपोंच करण्याचे प्रयोग आतां देशोदेशीं चालू आहेत. ही सोय लोकांस कोठें रुचते व कोठें रुचत नाहीं, याचा विचार आधींच करून ठेवणें हिताचें होईल, असें आम्हांस वाटतें.

प्रथम अनुकूल बाजू पाहूं. आफ्रिकेंतील रुवांडा या डोंगराळ देशांत २०१६ सालापासून दूरच्या रुग्णालयांस रक्ताच्या पिशव्या ड्रोननें पाठवितात. आपल्या देशांत २०२१ च्या ऑक्टोबरांत मणिपुरांतील लोकटक सरोवराच्या करांग बेटावर अशीच लस पोंचली. रस्त्यानें २६ किलोमीटर असलेलें अंतर हवेंतून १५ किलोमीटर भरलें. त्याच वर्षीं डिसेंबरांत पालघर जिल्ह्यांत जव्हारहून झाप या गांवीं लशीच्या ३०० मात्रा गेल्या. जेथें विलंबानें प्राणांशीं गांठ पडते, तेथें यंत्राच्या आवाजाबद्दल सहसा कोणी कुरकुर करणार नाहीं.

आतां दुसरी बाजू. ऑस्ट्रेलियांत कॅनबेरा शहराच्या बॉनिथन या वस्तींत २०१८ सालीं विंग कंपनीनें कॉफी, खाद्यपदार्थ व किरकोळ औषधें ड्रोननें पोंचविण्यास आरंभ केला. मागविणाऱ्यांस सोय झाली, परंतु शेजाऱ्यांस कर्कश आवाज असह्य झाला. तक्रारी वाढून प्रकरण तेथील विधानसभेच्या समितीपुढें चौकशीस गेलें, आणि कंपनीस कमी आवाजाचें यंत्र आणावें लागलें. अमेरिकेंत टेक्सास प्रांतांतील कॉलेज स्टेशन येथेंहि, ॲमेझॉन कंपनीनें फेऱ्या वाढविण्याचा बेत करतांच २०२४ सालीं रहिवाशांनीं हरकत घेतली.

यावरून एक गोष्ट उघड होते. माल मागविणारा एक असतो, पण ज्यांच्या माथ्यावरून तो जातो ते अनेक असतात; आणि त्यांस विचारण्याचें कोणास सुचत नाहीं. जमिनीवरील वहिवाटीचें महत्त्व आम्हां कुणब्यांस सांगावयास नको. बांधावरची वाट अडली तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखालीं दाद मागतां येते. आकाशांतील वाटेची बोलणी मात्र तंटा होण्यापूर्वींच झालेली बरी.

खताची ५० किलोची गोणी या लहान यंत्रांनीं येणार नाहीं. ती गाडीनेंच आणावी लागेल. सर्पदंशावरील औषध, गुरांची लस, अथवा ऐन हंगामांत अडलेल्या पंपाचा लहानसा सुटा भाग यांसाठीं ही सोय खरी उपयोगाची आहे. म्हणून कोणी कंपनी गांवीं आल्यास ग्रामसभेनें तीन गोष्टी लेखी ठरवून घ्याव्या: कोणता माल येणार, कोणत्या वेळीं व कोणत्या वाटेनें येणार, आणि नुकसान झाल्यास भरपाई कोण देणार. २०२१ च्या ड्रोन नियमांत त्रयस्थाच्या नुकसानीकरितां विम्याची तरतूद आहे. तो कागद प्रथम पाहावा. सोय एकाची आणि त्रास साऱ्या गांवाचा, असा सौदा आमच्या बांधवांनीं पतकरूं नये.