इग्वानोडॉनचा आंगठा

लंडनच्या दक्षिण भागांत सिडनहॅम येथें क्रिस्टल पॅलेस या नांवाचें एक मोठें उद्यान आहे. त्यांतील तळ्याच्या कांठीं, झाडींत, दोन प्रचंड जनावरें १८५४ सालापासून ऊनपाऊस सोशीत ठाण मांडून आहेत. अंग गेंड्यासारखें स्थूल, पाय हत्तीच्या पायांसारखे खांबावजा, कातडी खवल्यांची आणि नाकावर एक आंखूड शिंग, असें त्यांचें रूप. इग्वानोडॉन नांवाच्या भीमसरटाचीं हीं शिल्पें होत. आज कोणाही प्राणिशास्त्रज्ञास विचारलें तर तो सांगेल कीं इग्वानोडॉनचे पाय असे नव्हते, अंग असें नव्हतें, आणि नाकावर शिंग तर मुळींच नव्हतें. शिंग म्हणून जें दाखविलें आहे तो त्या प्राण्याचा आंगठा आहे! हाताचें हाड नाकावर जाऊन कसें बसलें आणि तेथून खालीं उतरावयास त्याला किती काळ लागला, ही हकीकत मोठी मनोरंजक आहे. भीमसरटांविषयीं आपण पुस्तकांत जें वाचतों आणि पडद्यावर जें पाहतों, त्याची घडण कशी होते हें तींत स्पष्ट दिसतें.

इंग्लंडच्या ससेक्स परगण्यांत लुइस या गांवीं गिडिअन मॅन्टेल नांवाचे एक शस्त्रवैद्य राहत असत. ते चांभाराचे पुत्र. दिवसभर रोग्यांकडे हिंडावें आणि रात्रीं दिव्यापाशीं बसून खाणींतून आणलेले दगड फोडावे, असा त्यांचा क्रम होता. १८२२ च्या सुमारास ककफील्डजवळच्या एका खाणींतले कांहीं अश्मीभूत दांत त्यांच्या संग्रहीं आले. ते रोग्याच्या घरांत असतां बाहेर फेऱ्या घालणाऱ्या त्यांच्या पत्नीस रस्त्याच्या खडींत पहिला दांत दिसला, अशी एक गोड कथा पुस्तकांतून सांगतात. पण ती पुराव्यास पुरेशी उतरत नाहीं. दांत मात्र खरे होते आणि विलक्षणही होते. त्यांचे माथे रवंथ करणाऱ्या जनावराच्या दाढांप्रमाणें घासून सपाट झालेले होते. दगडाचा थर तर इतका प्राचीन कीं त्या काळीं मोठीं सस्तन जनावरें असणें शक्य नव्हतें. आणि सरपटणारा प्राणी घास चावून खात नाहीं, तो गिळतो, असा सर्वांचा अनुभव. मग हे दांत कोणाचे?

त्या काळीं या शास्त्रांत पॅरिसच्या क्युव्हिए यांचा शब्द अखेरचा मानला जाई. १८२३ सालीं त्यांना एक दांत दाखविण्यांत आला तेव्हां त्यांनीं तो गेंड्याचा ठरविला. वर्षभरांत त्यांनींच आपलें मत बदललें आणि हा कोणी अज्ञात शाकाहारी सरपटणारा प्राणी असावा असें कबूल केलें. एवढ्या थोर पंडितानें आपली चूक मोकळेपणानें मान्य करावी, हें आजही अपूर्वच म्हटलें पाहिजे. पुढें लंडनच्या शस्त्रवैद्यांच्या संग्रहालयांत सॅम्युएल स्टचबरी या तरुण साहाय्यकानें मॅन्टेल यांना इग्वानाचा सांगाडा दाखविला. इग्वाना हा अमेरिकेंतील एक मोठा सरडा. त्याचे दांत हुबेहूब तसेच, फक्त आकारानें वीसपट लहान! मॅन्टेल यांचा आनंद गगनांत मावेना. १८२५ सालीं रॉयल सोसायटीपुढें त्यांनीं आपला शोध मांडला आणि प्राण्यास नांव दिलें इग्वानोडॉन, म्हणजे इग्वानाच्या दांतांचा.

येथेंच पहिली चूक शिरली. दांत वीसपट तर देहही वीसपट, असें त्रैराशिक मांडतांच साठ फूट लांबीचा सरडा तयार झाला. त्रैराशिक बिनचूक होतें; पण एकाच्या दांतावरून दुसऱ्याच्या शेंपटीची लांबी काढतां येत नाहीं. १८३४ सालीं मेडस्टन येथील खाणींत एका शिळेंत रुतलेलीं पुष्कळ हाडें मिळालीं. मॅन्टेल यांच्या मित्रांनीं वर्गणी करून पंचवीस पौंडांस ती शिळा विकत घेतली आणि त्यांना भेट दिली. हाडें मात्र एकमेकांत मिसळलेलीं. एक शंकूसारखें टोकदार हाड मॅन्टेल यांच्याजवळ होतें. त्याची जागा कोणती हें ठरेना. इग्वानाच्या एका जातीला नाकावर शिंगासारखा उंचवटा असतो. इग्वानाचीच उपमा मनांत धरलेली, तेव्हां हें हाड सरळ नाकावर जाऊन बसलें. यांत मॅन्टेल यांना हंसण्यासारखें कांहीं नाहीं. हातीं असलेल्या पुराव्यावरून त्यांनीं जो तर्क केला, तो दुसऱ्या कोणीही केला असता.

१८४२ सालीं रिचर्ड ओवेन यांनीं इग्वानोडॉन, मेगॅलोसॉरस आणि हायलीओसॉरस या तिघांचा एक वर्ग कल्पून त्याला 'डायनोसॉर' हें नांव दिलें. ओवेन यांची बुद्धि कुशाग्र, पण अंतःकरण कोतें. त्यांनीं साठ फुटांचा सरडा अठ्ठावीस फुटांवर आणला, हें योग्यच झालें. परंतु त्याच्याखालीं हत्तीचे चार खांब उभे केले. पुढें मिळालेल्या हाडांवरून मॅन्टेल यांना दिसून आलें कीं पुढचे पाय मागच्यांहून सडपातळ आहेत, हा प्राणी हत्तीसारखा नव्हे. तें त्यांनीं लिहूनही ठेवलें. पण ऐकणार कोण? दगडांच्या नादांत त्यांचा व्यवसाय बसला होता, संग्रह चार हजार पौंडांस ब्रिटिश म्युझियमला विकावा लागला होता, पत्नी घर सोडून गेली होती. १८४१ सालीं गाडीच्या अपघातांत पाठीचा कणा दुखावला, त्याच्या वेदना शमविण्यासाठीं अफूची संवय लागली, आणि १८५२ च्या नोव्हेंबरांत ती मात्रेबाहेर घेतल्यानें त्यांचा अंत झाला. त्यांच्या वांकलेल्या कण्याचा तुकडा शस्त्रवैद्यांच्या त्याच संग्रहालयांत नमुना म्हणून बरणींत ठेवण्यांत आला. तेथील प्रमुख त्या वेळीं ओवेन हे होते!

उद्यानांतील शिल्पें झालीं तीं यानंतर, आणि अर्थात् ओवेन यांच्या कल्पनेप्रमाणें. बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्स या शिल्पकारानें एका इग्वानोडॉनसाठीं लोखंडाचे चार खांब, सहाशें विटा आणि अडतीस पिंपें सिमेंट खर्ची घातलें. १८५३ च्या शेवटच्या रात्रीं त्याच्या सांच्यांत टेबल मांडून वीसेक विद्वानांना मेजवानी देण्यांत आली. ओवेन यजमानांच्या थाटांत प्राण्याच्या डोक्याच्या बाजूस बसले होते. भीमसरटाच्या पोटांत बसून माणसें जेवलीं, ही वार्ता वृत्तपत्रांनीं चवीनें छापली आणि उद्यान उघडण्यापूर्वींच त्याचें नांव सर्वतोमुखीं झालें. गंमत अशी कीं ओवेन यांना स्वतःला नाकावरच्या शिंगाविषयीं शंका होती व उद्यानाच्या माहितीपुस्तिकेंत त्यांनीं ती नमूदही केली. पण पुस्तिका वाचणारे थोडे आणि शिल्प पाहणारे लाखों. जनतेच्या मनांत शिंग रुजलें तें रुजलेंच.

तें उपटलें बेल्जममधील कोळशाच्या खाणीनें. १८७८ सालीं बर्निसार येथें जमिनीखालीं ३२२ मीटर खोलीवर बोगदा खणतांना मजुरांना कांहीं चमकणारें लांकूड लागलें. सोनें सांपडलें असाच त्यांना प्रथम भास झाला. तें सोनें नव्हे आणि लांकूडही नव्हे. लोहमाक्षिकानें भरलेलीं तीं इग्वानोडॉनचीं हाडें होतीं. एक नव्हे, दोन नव्हे, तीसांहून अधिक प्राणी, आणि त्यांतील बरेचसे डोक्यापासून शेंपटीपर्यंत सलग! जें मॅन्टेल यांना जन्मभर मिळालें नाहीं तें येथें ढिगानें पडलें होतें. लुई डोलो या शास्त्रज्ञाच्या देखरेखीखालीं १८८२ सालीं ब्रुसेल्स येथें पहिला सांगाडा उभा राहिला. आतां आंगठा कोठें आहे याविषयीं वाद उरला नाहीं. तो कट्यारीसारखा सरळ, टोकदार, दोन्ही हातांशीं जागच्या जागीं होता.

एक चूक गेली आणि दुसरी आली. उभें करतांना डोलो यांनीं कांगारूचा आणि कॅसोवरी पक्ष्याचा सांगाडा जवळ ठेवला होता. इग्वानोडॉन कांगारूप्रमाणें मागच्या दोन पायांवर ताठ उभा राहिला, शेंपटीचा टेंकू देऊन. आतां या प्राण्याच्या शेंपटीभोंवतीं हाडाप्रमाणें कठीण झालेल्या शिरांची जाळी असते. ती शेंपूट जिवंतपणीं कमानीसारखी वांकणें शक्यच नव्हतें. सांगाड्यांत ती वांकविण्यासाठीं मोडावी लागली. प्रत्यक्ष पुरावा हातांत असतां मनांतील चित्र त्याच्यावर कुरघोडी करतें, याचें याहून बोलकें उदाहरण शोधूनही मिळणार नाहीं.

साहित्यानें हेंच कांगारूचें चित्र उचललें. सर आर्थर कॉनन डॉइल हे ससेक्समध्येंच क्रोबरो येथें राहत आणि त्या भागांत इग्वानोडॉनच्या पावलांचे ठसे दगडांत मिळत. १९१२ सालीं त्यांची 'द लॉस्ट वर्ल्ड' ही कादंबरी मासिकांतून प्रसिद्ध झाली. तींत दक्षिण अमेरिकेंतील दुर्गम पठारावर गेलेल्या मंडळींना चिखलांत तीन बोटांचे ठसे दिसतात. प्रथम तो प्रचंड पक्षी वाटतो. मग शेजारीं पांच बोटांच्या हाताचा ठसा दिसतो आणि प्रोफेसर चॅलेंजर प्राण्याची ओळख पटवितात. पुढें रानांतील मोकळ्या जागेंत प्रत्यक्ष प्राणी दिसतात ते राक्षसी कांगारूंसारखे. कादंबरीकारानें येथें कल्पनेच्या भराऱ्या मारल्या आहेत असें म्हणतां येणार नाहीं. त्यांनीं आपल्या काळच्या विज्ञानाचें इमानानें अनुसरण केलें आहे.

कादंबरीवरून १९२५ सालीं निघालेल्या मूकपटानें हे प्राणी चालते केले. विलिस ओब्रायन यांची कृति अशी: धातूच्या सांगाड्यावर रबराची कातडी चढविलेली लहानशी पुतळी केंसभर हलवावयाची, एक चित्र घ्यावयाचें, पुनः केंसभर हलवावयाची, पुनः चित्र. पडद्यावरील एका सेकंदाला अशीं सोळा-वीस चित्रें लागत. दिवसभराच्या कष्टांतून कांहीं क्षणांचा खेळ निघे. १९२२ सालीं डॉइल यांनीं न्यूयॉर्कमध्यें जादूगारांच्या संस्थेच्या मेजवानींत या पटाचा थोडा नमुना दाखविला व हें खरें कीं खोटें तें सांगावयाचें नाकारलें. दुसऱ्या दिवशीं तेथील एका प्रमुख वृत्तपत्रानें मोठ्या आश्चर्यानें त्याचें वर्णन छापलें, तेव्हां डॉइल यांना खुलासा करावा लागला. नजरबंदी हाच ज्यांचा धंदा, त्यांच्यापुढेंच ही नजरबंदी झाली!

कांगारूचें रूप जवळजवळ शंभर वर्षें टिकलें. १९८० सालीं डेव्हिड नॉर्मन या इंग्रज संशोधकानें बर्निसारच्या हाडांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. तेव्हांपासून इग्वानोडॉनची पाठ आडवी झाली आणि शेंपूट जमिनीवरून उचलून मागें सरळ गेली. सुमारें दहा मीटर लांब, प्रसंगीं चार व प्रसंगीं दोन पायांवर चालणारा असा तो प्राणी आज मानला जातो. २००० सालीं डिस्नेच्या 'डायनोसॉर' या चित्रपटाचा नायक म्हणून तो झळकला. रूप बरेंचसें नवें. पण नायकानें बोललें पाहिजे, म्हणून त्याच्या चोंचीच्या जागीं ओंठ आले! शिवाय सुमारें साडेबारा कोटि वर्षांपूर्वींच्या या प्राण्यास साडेसहा कोटि वर्षांपूर्वींच्या उल्कापातांत आणून सोडलें आहे. योगायोग असा कीं त्याच वर्षीं प्राण्यांचीं नांवें ठरविणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगानें 'इग्वानोडॉन' या नांवाचा आधार इंग्लंडमधून काढून बर्निसारच्या सांगाड्यांवर बसविला. मॅन्टेल यांनीं ज्या दांतांवरून हें नांव दिलें, ते नेमके कोणत्या जातीचे हें निश्चित सांगणें कठीण झालें होतें.

आंगठ्याचा उपयोग काय होता यावर अद्याप एकमत नाहीं. शत्रूच्या मानेंत खुपसावयास तो असावा असें कांहीं म्हणतात, तर फळें फोडावयास किंवा डहाळ्या ओरबाडावयास, असें दुसरे. ब्रुसेल्सचे जुने सांगाडे कांचेच्या दालनांत आजही ताठ उभे आहेत. हाडें इतकीं ठिसूळ कीं तीं उतरवून पुनः जोडण्याचें धाडस होत नाहीं. आणि सिडनहॅमच्या शिल्पांना २००७ सालीं ब्रिटिश सरकारनें पहिल्या प्रतीच्या संरक्षित वास्तूंत स्थान दिलें आहे. त्यामुळें नाकावरचा तो आंगठा आतां सरकारी परवानगीवांचून कोणास काढतां येणार नाहीं.