राबत्या हातांचा इतिहास : न्यू मेक्सिकोतील एक स्पॅनिश वसाहतकालीन रांचो

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील न्यू मेक्सिको राज्याची राजधानी सांता फे हिच्यापासून सुमारे 24 किलोमीटर अंतरावर, ला सिएनेगा नावाच्या झऱ्यांच्या खोऱ्यात, ‘एल रांचो दे लास गोलोंद्रिनास’ अर्थात ‘पाकोळ्यांचा मळा’ ही सुमारे 200 एकरांची जुनी वसाहत आहे. रांचो म्हणजे शेती आणि पशुपालन हे दोन्ही व्यवसाय जेथे एकत्र चालतात आणि धन्याचे घर, गडीमाणसांच्या खोल्या, गोठे, कोठारे व कुरणे जेथे एकाच व्यवस्थेचे भाग असतात, असा स्वयंपूर्ण मळा होय. अठराव्या शतकाच्या प्रारंभी उभी राहिलेली ही वसाहत 1972 पासून जिवंत इतिहासाचे संग्रहालय म्हणून लोकांसाठी खुली आहे. अशा संग्रहालयात जुन्या वस्तू कपाटात मांडून ठेवल्या जात नाहीत. त्या काळचा पोशाख केलेली माणसे त्या वस्तू प्रत्यक्ष वापरून दाखवतात, आणि एखादे हत्यार कसे धरले जात होते, त्याने किती वेळात किती काम होत असे, हे पाहणाऱ्याला समोर उभे राहून समजून घेता येते. या कल्पनेचा उगम 1891 मध्ये आर्टुर हाझेलियस यांनी स्टॉकहोम येथे स्थापन केलेल्या स्कानसेन या खुल्या संग्रहालयात आहे.

दूरच्या सीमेवरची वसाहत

या मळ्याचे स्वरूप समजण्यासाठी त्याचे भौगोलिक स्थान आधी ध्यानात घ्यावे लागते. मेक्सिको शहरातून निघून सांता फेपर्यंत येणारा ‘कामिनो रेआल दे तिएरा आदेंत्रो’, म्हणजे अंतर्भागाकडे जाणारा राजमार्ग, सुमारे 2,560 किलोमीटर लांबीचा होता. 1598 मध्ये हुआन दे ओन्याते याने वसाहतवाल्यांचा तांडा घेऊन याच दिशेने रिओ ग्रांदे नदीचे खोरे गाठले, आणि 1610 च्या सुमारास सांता फे ही राजधानी वसली. बैलगाड्यांच्या तांड्याला हे अंतर कापण्यास सुमारे सहा महिने लागत, आणि वाटेत ‘होर्नादा देल मुएर्तो’ नावाचा जवळजवळ दीडशे किलोमीटरचा निर्जल पट्टा ओलांडावा लागे. अशा प्रवासात पाणी, चारा आणि सुरक्षितता जेथे मिळे तेथे मुक्कामाचे ठिकाण तयार होई. त्याला ‘पाराखे’ म्हणत. ला सिएनेगाच्या झऱ्यांमुळे लास गोलोंद्रिनास हा सांता फेच्या अलीकडचा, आणि दक्षिणेकडे निघालेल्यांच्या दृष्टीने पहिला, महत्त्वाचा पाराखे ठरला. मिगेल वेगा इ कोका याने ही जमीन मिळवली, पुढे ती त्याच्या नात्यातील बाका घराण्याकडे दीर्घकाळ राहिली, आणि 1780 मध्ये सोनोराकडे जाणारा मार्ग शोधण्यासाठी निघालेला गव्हर्नर हुआन बाउतिस्ता दे आन्सा येथे मुक्कामाला थांबला होता.

मातीचे बांधकाम, लोखंडाचा दुष्काळ

मळ्याच्या मध्यभागी ‘प्लासिता’ आहे. मोकळा चौक, त्याच्या चारही बाजूंनी एकमेकींना लागून असलेल्या खोल्या, बाहेरच्या भिंतींना जवळजवळ खिडक्या नाहीत आणि आत शिरण्यासाठी गाडी जाईल एवढा एकच भक्कम दरवाजा, अशी तिची रचना असते. अठराव्या शतकात अपाची, कोमांची इत्यादी जमातींच्या टोळ्या आणि स्पॅनिश वसाहती यांच्यात सतत चकमकी होत असल्यामुळे संकटाच्या वेळी माणसे व जनावरे चौकात घेऊन दरवाजा बंद करता यावा, असा या रचनेचा हेतू होता. त्याला जोडूनच ‘तोरेओन’, म्हणजे टेहळणीचा व संरक्षणाचा बुरूज, उभा आहे. भिंती ‘अडोबी’च्या, म्हणजे माती, वाळू व काड यांचा चिखल साच्यात घालून उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांच्या आहेत, छप्पर धाब्याचे असून त्याच्या गोल लाकडी तुळयांना ‘विगा’ आणि त्यांवर आडव्या रचलेल्या बारीक काठ्यांना ‘लातिया’ म्हणतात. जाड मातीच्या भिंती उन्हाळ्यात आतला गारवा व हिवाळ्यात आतली ऊब राखतात, पण पावसाने व बर्फाने त्यांचा लेप झिजतो, म्हणून त्यांना वरचेवर लिंपावे लागते; हे लिंपणकामही संग्रहालयाच्या नित्याच्या कामांत मोडते.

येथील बहुतेक वस्तूंचा आकार दूरच्या अंतराने ठरवलेला आहे. लोखंड मेक्सिकोतून महिनोन्महिने प्रवास करून येत असल्याने ते अत्यंत मौल्यवान होते. त्यामुळे मालवाहू बैलगाडी, जिला ‘कारेता’ म्हणतात, ती चाकांसह संपूर्ण लाकडाची असे, दारांना लोखंडी बिजागऱ्यांऐवजी लाकडी खुंट्या असत, आणि लोहार मोडक्या हत्याराचा तुकडाही टाकून न देता तापवून त्यातून नवी वस्तू घडवी. काच दुर्मीळ असल्याने लहानशा खिडक्यांना अभ्रकाचे पापुद्रे लावत. 1821 मध्ये मेक्सिको स्वतंत्र झाल्यावर मिझुरीहून येणारा सांता फे व्यापारमार्ग खुला झाला, 1846 मध्ये अमेरिकी सैन्य आले, आणि 1880 मध्ये रेल्वे पोहोचली. त्या क्रमाने काच, गिरणीचे कापड आणि लोखंडी अवजारे या खोऱ्यात शिरली. संग्रहालयात अठराव्या शतकातील प्लासितेबरोबर एकोणिसाव्या शतकातील घरेही असल्यामुळे हा बदल एका फेरीत पडताळून पाहता येतो.

पाणी, लोकर आणि चूल

वर्षाला साधारण 350 मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात शेती पाटाच्या पाण्यावरच अवलंबून होती. या पाटांना ‘असेकिया’ म्हणतात. पाटपाण्याची ही व्यवस्था अरबांनी स्पेनमध्ये रुजवली, तेथून ती अमेरिकेत गेली, आणि पुएब्लो या येथील मूळनिवासी लोकांना आधीपासून अवगत असलेल्या सिंचनज्ञानाची तिला येथे जोड मिळाली. पाटाचे हक्कदार ‘पार्सिआंते’ वसंत ऋतूत एकत्र येऊन गाळ काढतात, आपल्यातूनच ‘मायोर्दोमो’ म्हणजे पाणी वाटणारा कारभारी निवडतात, आणि पाणी कमी पडले की पाळ्या लावून ते वाटून घेतात. धुळे-नाशिक भागातील पांझरा, मोसम या नद्यांवर पाटकरी नेमून चालणाऱ्या फड पद्धतीशी या व्यवस्थेचे साम्य ठळक आहे. न्यू मेक्सिकोत अशा शेकडो असेकिया आजही चालू आहेत, त्यामुळे संग्रहालयातील पाट भूतकाळाबरोबरच वर्तमानाचीही ओळख करून देतो.

मळ्याचे खरे धन म्हणजे मेंढरे. ‘चुरो’ या जातीच्या मेंढ्या स्पॅनिश लोकांनी आणल्या; त्यांची लोकर लांब धाग्याची व कमी तेलकट असल्याने थोड्या पाण्यात धुता येते, आणि कोरड्या मुलखातील विरळ चाऱ्यावर त्या तगतात. लोकर कातरणे, धुणे, पिंजणे, कातणे, रंगवणे आणि मागावर विणणे हा संपूर्ण क्रम येथे दाखवला जातो. निळा रंग निळीपासून, किरमिजी रंग निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनील किड्यापासून आणि पिवळा रंग ‘चामिसा’ या रानझुडपाच्या फुलांपासून मिळे. यांपैकी पहिले दोन दक्षिणेकडून विकत आणावे लागत असल्याने ते महाग असत. मेंढरांचे कळप आणि विणलेली घोंगडी याच राजमार्गाने दक्षिणेकडे विक्रीला जात, व त्यांच्या मोबदल्यात साखर, चॉकलेट, लोखंड येई.

अंगणातील ‘ओर्नो’ म्हणजे मातीची घुमटाकार भट्टी. तिच्यात लाकडे पेटवून भिंती तापल्या की निखारे बाहेर ओढून काढतात आणि साठलेल्या उष्णतेवर पाव भाजतात. गहू स्पॅनिश लोकांबरोबर आला, तर मका, घेवडा आणि भोपळा ही पिके येथील मूळ रहिवाशांची होती. मिरची मात्र मेक्सिकोतून स्पॅनिश वसाहतवाल्यांबरोबर उत्तरेत आली, असे सामान्यतः मानले जाते. अमेरिका खंडातील हीच मिरची पोर्तुगिजांमार्फत गोव्यात उतरली आणि तेथून मराठी स्वयंपाकघरात पोहोचली, ही गोष्ट ओर्नोशेजारी टांगलेल्या लाल मिरच्यांच्या माळा पाहताना मराठी वाचकाने आठवण्यासारखी आहे. शरद ऋतूतील सुगीच्या उत्सवात पाणचक्कीवर दळण होते, आणि जनावर जुंपलेल्या चरकात गोड ज्वारीची ताटे पिळून तिच्या रसाची काकवी आटवली जाते.

संग्रहालय कसे घडले

1932 मध्ये कर्टिन कुटुंबाने हा मळा विकत घेतला. या कुटुंबातील लिओनोरा फ्रान्सेस कर्टिन यांनी आर्थिक मंदीच्या काळात, 1934 मध्ये, सांता फे येथे ‘नेटिव्ह मार्केट’ सुरू करून स्पॅनिशभाषक कारागिरांच्या विणकाम, सुतारकाम व कथील-पत्र्याच्या कामाला बाजारपेठ मिळवून दिली, तर त्यांच्या आईने त्या प्रदेशातील औषधी वनस्पतींवर ग्रंथ लिहिला. लिओनोरा यांचे पती वाय. ए. पालोहेइमो हे मूळचे फिनलंडचे, म्हणजे खुल्या संग्रहालयांची परंपरा असलेल्या उत्तर युरोपातील होते. या दांपत्याने मळ्यावरील पडझड झालेल्या इमारती दुरुस्त केल्या, काही जुन्या पायांवर नव्याने उभारल्या, आणि उत्तर न्यू मेक्सिकोच्या इतर गावांतून काही जुनी बांधकामे सोडवून येथे आणून पुन्हा उभी केली. सापेयो येथील मोठी पाणचक्की हे त्याचे उदाहरण आहे. त्यामुळे येथे दिसणारे सर्व काही एकाच काळी, एकाच जागी अस्तित्वात नव्हते. वेगवेगळ्या गावांचे व दोन शतकांचे जीवन एका परिसरात एकत्र मांडलेले आहे, हे पाहणाऱ्याने लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

न दिसणारी माणसे

जिवंत इतिहासाच्या संग्रहालयात एक धोका असतो. चरखा, भट्टी आणि चक्की पाहताना मन प्रसन्न होते, आणि त्या प्रसन्नतेत हे कष्ट कोणाचे होते, हा प्रश्न मागे पडतो. ला सिएनेगा परिसरात स्पॅनिश लोक येण्याच्या कितीतरी आधी पुएब्लो लोकांची वस्ती होती. जवळच्या ला सिएनेगिया येथील खडकांवरची कोरीव चित्रे त्याची साक्ष देतात. सक्तीची खंडणी, वेठबिगार आणि धर्मावरील बंदी यांना कंटाळून 1680 मध्ये पोपे याच्या नेतृत्वाखाली पुएब्लो गावांनी उठाव केला आणि स्पॅनिश वसाहतवाल्यांना दक्षिणेत एल पासोपर्यंत हुसकावून लावले. दिएगो दे वार्गास याच्या नेतृत्वाखाली स्पॅनिश लोक 1692 मध्ये परतल्यानंतरच लास गोलोंद्रिनाससारखे मळे उभे राहू शकले. स्पॅनिश घरांत ‘खेनिसारो’ म्हणून ओळखले जाणारे लोकही होते. लढायांत पकडलेल्या किंवा व्यापाऱ्यांकडून विकत घेतलेल्या मूळनिवासी मुलांना बाप्तिस्मा देऊन, मोबदल्याशिवाय घरकामाला ठेवले जाई, आणि त्यांना व त्यांच्या वंशजांना हे नाव मिळाले. पुढे त्यांतील अनेकांना धोक्याच्या सीमेवर अबिक्यूसारख्या गावांत वसवण्यात आले. चौकातील कणगी भरण्यात, लोकर कातण्यात आणि मेंढरे राखण्यात या माणसांचा वाटा मोठा होता.

अशा संग्रहालयाचे मोल म्हणूनच दोन कसोट्यांवर ठरते. तेथे दाखवलेले काम त्या काळच्या साधनांनी, त्या काळच्या पद्धतीने होते का, ही पहिली कसोटी; या कसोटीवर लास गोलोंद्रिनास निश्चितपणे उतरते, कारण जे कौशल्य हातातून हातात जाते ते पुस्तकात जपता येत नाही, आणि येथे ते हातांनीच जपले आहे. ते काम कोणाकडून आणि कोणत्या अटींवर करून घेतले जात होते हे सांगितले जाते का, ही दुसरी कसोटी. आणि तिची जबाबदारी संग्रहालयाइतकीच पाहणाऱ्यावरही असते. कोल्हापूरजवळच्या कणेरी मठावरील ग्रामजीवन संग्रहालयात बारा बलुतेदारांची शिल्पे पाहणाऱ्या मराठी माणसालाही हीच कसोटी लागू आहे. जुन्या गावाचे देखणेपण पाहताना तेथे राबणाऱ्याला त्याच्या कष्टाचा वाटा मिळत होता का, हा प्रश्न प्रत्येकाने विचारला पाहिजे, कारण तो विचारल्याखेरीज इतिहास पाहिला असे म्हणता येणार नाही.